सोनेरी दाराशी मे महिना

मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला निघालेला माणूस बहुधा चुकीची बॅग भरतो. कॅलिफोर्निया म्हटलं की डोळ्यांसमोर ऊन, वाळू आणि संत्र्याच्या बागा येतात. त्यातून इकडे महाराष्ट्रात पारा चाळिशीला टेकलेला. मुलाकडे नाही तर मुलीकडे राहायला जाणारे आईवडील सुती कपड्यांच्या घड्या रचतात आणि स्वेटर घेतात तो एकच, विमानात लागेल म्हणून. मग फिशरमन्स वॉर्फच्या धक्क्यावर समुद्राचा वारा हाडांत शिरतो, भर दुपारी तापमान सतरा-अठरा अंशांच्या वर सरकत नाही, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो तो लाल पूल धुक्यात अर्धा गायब असतो. आसपासच्या दुकानांत शहराचं नाव छापलेले जाड स्वेटशर्ट ढिगाने टांगलेले दिसतात. त्यांचा खप हौसेपेक्षा हुडहुडीवर जास्त चालत असावा.

ही तक्रार जुनी आहे. १५७९ च्या जूनमध्ये फ्रान्सिस ड्रेकचं जहाज या किनाऱ्याला लागलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला, आज ज्याला ड्रेक्स बे म्हणतात त्या परिसरात. त्या सफरीच्या वृत्तान्तात ऐन जूनमधल्या थंडीबद्दल आणि कुबट, दाट धुक्याबद्दल पुष्कळ कुरकुर आहे. दोन-दोन आठवडे सूर्य-तारे धड दिसेनात, त्यामुळे अक्षांश मोजण्याचीही पंचाईत झाली होती.

कारण हवेत नाही, पाण्यात आहे. एप्रिल ते जून या काळात किनाऱ्याला समांतर वायव्येचे जोरदार वारे वाहतात. ते समुद्राचा वरचा थर किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंडगार पाणी वर येतं. या पाण्यावरून येणारी दमट हवा गार पडली की तिचं धुकं होतं. याच सुमारास डोंगरापलीकडची सेंट्रल व्हॅली तापू लागते. तिथली गरम हवा वर चढते आणि ती पोकळी भरायला समुद्रावरचं धुकं आत ओढलं जातं. किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेत समुद्रसपाटीवर मोठी फट एकच, गोल्डन गेट. बहुतेक धुकं तिथूनच घुसतं. म्हणून इथला उबदार महिना मे नाही, जुलैही नाही, तो सप्टेंबर.

या धुक्याने इतिहासही बराच काळ अडवून धरला. मनिलाहून मेक्सिकोला परतणारी स्पॅनिश गलबतं दोन शतकं या किनाऱ्याजवळून गेली, पण दीड-दोन किलोमीटर रुंदीचं हे तोंड आणि त्यामागचा प्रचंड उपसागर त्यांच्या नजरेला पडला नाही. बे शेवटी सापडला तो जमिनीवरून, १७६९ मध्ये, पोर्तोला याच्या स्पॅनिश तुकडीला; तेही ती तुकडी मॉन्टेरे शोधताना वाट चुकून पुढे गेली म्हणून. जहाज आत शिरलं ते १७७५ च्या ऑगस्टमध्ये. ‘सापडला’ हे अर्थात युरोपियनांच्या हिशेबाने. ओलोनी लोक तिथे हजारो वर्षं राहत होते आणि त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे टेकड्यांएवढे ढीग बेच्या काठावर उभे होते.

शहराचा खरा जन्म मात्र एका मे महिन्यातला, आणि तो गाव ओस पडण्यातून झाला. १८४८ च्या जानेवारीत जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड गिरणीपाशी सोनं दिसलं. बातमी हळूहळू झिरपत होती, पण सॅन फ्रान्सिस्को हे तेव्हा जेमतेम हजार वस्तीचं गाव. लोकांचा विश्वास बसेना. सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने आधी आसपासची फावडी, घमेली आणि पाट्या मिळतील तेवढ्या उचलल्या. मग मेच्या मध्यात सोन्याचा नमुना भरलेली बाटली हातात नाचवत, अमेरिकन नदीत सोनं सापडल्याची आरोळी ठोकत तो गावातून फिरला. पुढे तो कॅलिफोर्नियाचा पहिला दशलक्षाधीश म्हणवला गेला. त्यासाठी त्याला नदीत वाकून वाळू चाळावी लागली नाही.

दोन आठवड्यांत गाव रिकामं झालं. २९ मे रोजी ‘कॅलिफोर्नियन’ या तिथल्या वर्तमानपत्राने अंक बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण वाचक, जाहिरातदार आणि छापणारे सगळेच डोंगराकडे पळाले होते. ब्रॅननचं स्वतःचं वर्तमानपत्रही पुढच्या महिन्यात थांबलं. त्याने ते दुःख फार मनाला लावून घेतलं नसावं.

पुढच्या वर्षी उलटा लोंढा आला. १८४९ संपेपर्यंत वस्ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. जहाजं येत, प्रवासी उतरत, त्यांच्यामागोमाग खलाशीही उतरून खाणींकडे पळत, आणि जहाज नांगरावर तसंच कुजत पडे. बंदरात अशी शेकडो जहाजं साचली. इमारती लाकूड महाग, मजूर त्याहून महाग. मग लोकांनी जहाजंच ओढून काठाला लावली आणि त्यांची गोदामं, खानावळी, हॉटेलं केली. ‘नायँटिक’ हे देवमासे मारायला निघालेलं जहाज असंच गोदाम बनलं. हळूहळू उथळ खाडी भरून काढली गेली आणि जहाजं रस्त्यांखाली गेली. क्ले आणि सॅन्सम रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९७८ मध्ये पाया खणताना नायँटिकचा सांगाडा वर आला. १९९४ मध्ये मुनी मेट्रोचा बोगदा खोदताना ‘रोम’ नावाचं जहाज आडवं आलं, आणि आज ट्राम त्याच्या पोटातून जातात. डाउनटाउनच्या काचेच्या मनोऱ्यांखालून हिंडणाऱ्या पाहुण्याला आपण बुडालेल्या ताफ्यावर चालतोय हे कोणी सांगत नाही. सांगायला हवं, पुलाइतकीच ती बघण्यासारखी गोष्ट आहे.

लाकूड, कॅनव्हास, तेलाचे दिवे आणि समुद्राचा वारा. अशा गावाला आग लागणारच. ४ मे १८५० रोजी मोठी आग लागली, आणि बरोबर वर्षाने, ३ मे १८५१ च्या रात्री, त्याहून मोठी. दुसऱ्या आगीत शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग खाक झाला, नायँटिकचा वरचा भागही त्यातच गेला. संशय ऑस्ट्रेलियाहून आलेल्या गुंडांवर घेतला गेला आणि जूनमध्ये व्यापाऱ्यांनी ‘दक्षता समिती’ स्थापून कायदा हातात घेतला. पाच वर्षांनी पुन्हा तेच. १४ मे १८५६ रोजी जेम्स केसी या राजकारण्याने एका संपादकाला भर रस्त्यात गोळी घातली. संपादक २० तारखेला गेला आणि २२ तारखेला समितीने केसीला फाशी दिलं. न्यायाला लागलेले दिवस मोजले की त्या समितीच्या सभ्यपणाबद्दलची बरीच वर्णनं फिकी पडतात. शहराच्या झेंड्यावर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे. पाहुणे तो १९०६ च्या भूकंपाशी जोडतात, पण तो पक्षी १८५० च्या दशकातला, या आगींच्या राखेतला आहे.

पुढचे काही मे भराभर सांगता येतील. १० मे १८६९ ला युटामधल्या प्रोमॉन्टरी इथे सोन्याचा खिळा ठोकून पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली. सॅन फ्रान्सिस्कोने उतावळेपणाने दोन दिवस आधीच मिरवणूक काढली. २० मे १८७३ रोजी लेव्ही स्ट्रॉस हा इथला कापडविक्या आणि जेकब डेव्हिस हा शिंपी यांना खिशांना तांब्याचे रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट मिळालं. जीन्स म्हणून जगभर गेलेला कपडा तो हाच.

त्या रेल्वेचा पश्चिमेकडचा अर्धा भाग मुख्यतः चिनी मजुरांनी बांधला होता. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट त्यांनी सुरुंगांनी फोडला, हिमवादळांत ते गाडले गेले. काम संपलं आणि तेच लोक नकोसे झाले. ६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. बंदी दहा वर्षांची म्हणून आली आणि वाढत वाढत १९४३ पर्यंत राहिली. सॅन फ्रान्सिस्कोचं दार इथून पुढे माणसाचा वर्ण बघून उघडू लागलं.

मग भूकंपाने या कायद्याला एक खिंडार पाडलं. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी जमीन हादरली, त्यानंतर तीन दिवस शहर जळलं. चार लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. त्या वसंतातलं शहराचं चित्र विलक्षण आहे. धुराडी तडकलेली, त्यामुळे तपासणी होईपर्यंत घरात चूल पेटवायला मनाई. शाबूत घरांतले श्रीमंतही मे महिनाभर फुटपाथवर चुली मांडून, वाऱ्याला आडोसा म्हणून दारं-खिडक्यांच्या फळ्या लावून स्वयंपाक करत होते. नगरभवनात जन्मनोंदींची दप्तरं जळाली होती. ‘मी इथेच जन्मलो’ असं एखाद्या चिनी माणसाने सांगितलं, तर ते खोटं पाडायला कागद उरला नाही. नागरिक ठरलेला माणूस चीनमधून आपली मुलं आणू शकत होता. मग अनेकांनी कागदावरची मुलं आणली, म्हणजे दुसऱ्याची, पैसे घेऊन.

नगराच्या धुरिणांना जळालेला चायनाटाउन दूर, शहराच्या कडेला हलवायचा होता. चिनी व्यापारी आणि चीनचं सरकार अडून बसले. भाडं बुडेल म्हणून गोरे जागामालकही कुरकुरले. व्यापाऱ्यांनी मग एक चतुर डाव टाकला. वस्ती अशी रंगीत बांधायची की पाहुणे ती बघायला येतील आणि शहरालाच ती हवीशी वाटेल. कॅलिफोर्निया स्ट्रीट आणि ग्रँट अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या पॅगोडा-छपरांच्या इमारती टी. पॅटरसन रॉस या गोऱ्या वास्तुविशारदाच्या आहेत. आज मे महिन्यात तिथे ‘अस्सल चीन’ म्हणून जे फोटो काढले जातात, ते हाकलले जाऊ नये म्हणून उभारलेल्या दर्शनी भागाचे असतात.

त्याच सुमारास हिंदी माणसं या किनाऱ्यावर दिसू लागली. १९०० च्या मेअखेरीस स्वामी विवेकानंदांनी सॅन फ्रान्सिस्कोत गीतेवर व्याख्यानं दिली आणि त्यांचं कौतुक झालं. पण व्याख्याता वेगळा, मजूर वेगळा. मे १९०५ मध्ये याच शहरात जपानी आणि कोरियन लोकांविरुद्ध एक संघटना उभी राहिली, आणि दोन वर्षांनी तिने नाव बदलून साऱ्या आशियाई लोकांना कवेत घेतलं. तोवर पंजाबचे शीख शेतकरी लाकूड गिरण्यांत आणि रेल्वेवर कामाला लागले होते. १९१० पासून बेमधल्या एंजल आयलंडवर परदेशी लोकांना अडवून त्यांची चौकशी होऊ लागली. तिथल्या लाकडी बराकींच्या भिंतींवर चिनी कैद्यांनी कोरलेल्या कविता अजून आहेत. फेरीबोटीने अर्ध्या दिवसात बेट बघून येता येतं, आणि अल्कट्राझच्या तुरुंगापुढे रांग लावणाऱ्यांनी त्यातला थोडा वेळ इकडे दिला तर बिघडणार नाही.

या गर्दीत दोन मराठी तरुण होते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकले, पण त्याआधी गोल्डन गेटच्या पलीकडच्या काठावर, सॅन राफाएलच्या माउंट तामलपाइस लष्करी शाळेत त्यांनी कवायत आणि बंदूक शिकून घेतली होती. तेव्हा पूल नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीबोट धरावी लागे. दुसरे पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, सिएटलच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणारे. दोघंही इंग्रजी राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीत ओढले गेले. १९१३ च्या वसंतात ऑरेगनमध्ये हिंदी मजुरांच्या बैठकांतून ही संघटना उभी राहिली आणि तिचं ठाणं सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल स्ट्रीटवर आलं. युगांतर आश्रम असं त्या घराचं नाव. १ नोव्हेंबर १९१३ ला ‘गदर’ या तिच्या पत्राचा पहिला उर्दू अंक तिथूनच निघाला.

पुढच्या वसंताने ठिणगी पुरवली. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज पंजाबी प्रवाशांना घेऊन उत्तरेकडच्या व्हँकूवरच्या बंदरात आलं. कॅनडाने जवळजवळ कोणालाच उतरू दिलं नाही. दोन महिने जहाज काठासमोर उभं राहिलं आणि जुलैमध्ये परत धाडलं गेलं. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या हिंदी वस्त्यांत संताप पसरला, त्यातच महायुद्ध पेटलं आणि गदरचे लोक जहाजं धरून हिंदुस्थानकडे निघाले. पिंगळे त्यांच्यात होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. खानखोजे इराणमार्गे भटकत अखेर मेक्सिकोत पोचले आणि मका-गव्हाचे संशोधक म्हणून नावाजले. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. सॅन फ्रान्सिस्कोत राहिलेल्या गदरवाल्यांवर खटला चालला, आणि एप्रिल १९१८ मध्ये त्याच्या शेवटच्या दिवशी रामचंद्र या गदरच्या नेत्याला भर कोर्टात सहआरोपीनेच गोळी घातली. वुड स्ट्रीटवर आज गदर स्मारकाची इमारत आहे. पर्यटकांच्या बस तिकडे वळत नाहीत.

९ मे १९३४ ला गोदी कामगारांचा संप सुरू झाला आणि जुलैत दोन कामगार पोलिसांच्या गोळीला बळी पडल्यावर सारं शहर चार दिवस बंद राहिलं. त्या वेळी पुलाचं काम चालूच होतं.

गोल्डन गेटच्या पुलाबद्दल इतकं लिहून झालंय की त्याची एक बाजूच सांगावी, बेरजेची. तेव्हाच्या बांधकाम धंद्यात दहा लाख डॉलरमागे एक जीव जाणार असा हिशेब धरत. पूल साडेतीन कोटींचा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉसने कामाखाली सुरक्षेची जाळी बांधायला लावली आणि तिने एकोणीस जणांना झेललं. या वाचलेल्यांनी स्वतःला ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरचा क्लब’ म्हणवून घेतलं. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला एक अवजड पाळणा तुटून जाळीसकट खाली गेला आणि दहा माणसं मेली, एकूण अकरा. याच स्ट्रॉसने पुलाची बरीचशी गणितं करणाऱ्या चार्ल्स एलिसला मध्येच काढून टाकलं आणि त्याचं नाव कुठे येऊ दिलं नाही. त्या नावाला अधिकृत श्रेय मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. जाळीसाठी स्ट्रॉसला दाद द्यावी, आणि ती देताना एलिस लक्षात ठेवावा.

रंगाचा निर्णय धुक्याने सोपा केला. नौदलाला जहाजांना दिसावेत म्हणून काळे-पिवळे पट्टे हवे होते. वास्तुविशारद आयर्विंग मॉरो यांना पोलादावर आधी चढवलेल्या तांबूस हाताचीच भूल पडली. करड्या धुक्यात आणि हिरव्या टेकड्यांत तो उठून दिसतो, हे त्यांनी पटवून दिलं.

२७ मे १९३७ हा दिवस फक्त पायी चालणाऱ्यांचा. पहाटे सहाला दार उघडलं तेव्हा हजारो लोक गारठ्यात ताटकळले होते. संध्याकाळपर्यंत सुमारे दोन लाख माणसं पंचवीस सेंट मोजून पलीकडे गेली. प्रत्येकाला कशात तरी पहिलं व्हायचं होतं. कोणी चाकाच्या बुटांवर, कोणी उंच काठ्यांवर, कोणी उलट पावलांनी पूल ओलांडला. दुसऱ्या दिवशी दुपारी रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये तारयंत्राची कळ दाबली आणि मोटारी सुटल्या. पन्नास वर्षांनी, २४ मे १९८७ ला, पुन्हा चालण्याचा दिवस ठेवला गेला. या वेळी तीन लाख लोक एकाच वेळी पुलावर अडकले आणि मधली कमान त्यांच्या भाराने सपाट झाली. पुलाला धोका नव्हता असं अभियंते सांगतात. मधोमध अडकलेल्यांचं मत वेगळं असू शकेल.

या दोन दिवसांच्या मधे १९४५ चा वसंत येतो. २५ एप्रिल ते २६ जून या काळात पन्नास देशांचे प्रतिनिधी इथल्या ऑपेरा हाऊसमध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद लिहीत होते. अधिवेशनाचं स्वप्न पाहणारे रूझवेल्ट तेरा दिवस आधी वारले होते, आणि ८ मेला युरोपातलं युद्ध संपल्याची बातमी बैठका चालू असतानाच आली. १९ मे रोजी ही सगळी मंडळी पूल ओलांडून म्युअर वुड्सच्या रेडवूड वनात रूझवेल्ट यांच्या स्मरणार्थ जमली. त्या झाडांना उन्हाळ्यात पाऊस मिळत नाही. धुक्याचे थेंब पानांवरून ठिबकतात त्यावर त्यांचं बरंचसं भागतं.

या मंडळींत हिंदुस्थानचं शिष्टमंडळ होतं, पण ते ब्रिटिश राजवटीने नेमलेलं. ए. रामस्वामी मुदलियार नेते, फिरोजखान नून आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी सोबत. काँग्रेसचे वरिष्ठ नेते अजून तुरुंगात होते. विजयालक्ष्मी पंडित शहरात होत्या, आत जायचा अधिकार नसताना. बाहेर सभा घेत आणि पत्रकारांना गाठत त्या सांगत राहिल्या की हे तिघं देशाचे प्रतिनिधी नाहीत. सनदेवर हिंदुस्थानच्या बाजूने सह्या झाल्या त्या मुदलियार आणि कृष्णम्माचारी यांच्या.

ज्या देशाची सही जागतिक सनदेवर होती, त्या देशातल्या माणसाला तेव्हा अमेरिकेचं नागरिक होता येत नव्हतं. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते दार लावलं होतं. २ जुलै १९४६ रोजी ट्रुमन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. सोबत प्रवेशाचा कोटाही ठरला. चाळीस कोटींच्या आसपास वस्तीच्या देशासाठी तो होता वर्षाला शंभर माणसांचा, आणि १९६५ चा कायदा येईपर्यंत हिशेब कोट्यांचाच राहिला.